चौथीच्या नाकपुड्या

मित्रांनो, मला पाहून दचकू नका. तुमचं नाक बाहेर आलेलं, माझं आत गेलेलं. तुमच्या गालांना फुगवटा, माझ्या गालांना खळगा. मी प्लास्टरचा एक जुना साचा आहे. टीव्ही मालिकेतल्या नायिकेच्या तोंडावर ओला लगदा थापून मला घडवलं. श्वासासाठी तिच्या नाकात नळ्या घातल्या होत्या आणि प्लास्टर वाळेपर्यंत मुखवटेवाले काका तिचा हात धरून बसले होते. "हसू नका हं बाई, नाहीतर जन्मभर हसतच राहाल!" असं म्हणून त्यांनीच तिला हसवलं. माझा जन्म असा मायेत झाला. पुढचं ऐकलंत तर मात्र तुम्हालाही किळस येईल.

मालिका क्लोनची होती. एका श्रीमंत बाईच्या पेशीपासून एक शास्त्रज्ञ तिच्यासारख्याच बायका बनवतो. बाईचा एखादा अवयव बिघडला, की यांच्यातला काढून तिला बसवतो. माझ्यात रबर ओतून काकांनी ढीगभर चेहरे काढले. ते फोमच्या बाहुल्यांवर चढले. माझं केवढं कौतुक झालं! प्रयोगशाळेच्या सेटवर मलाच शोभेला मांडलं. मीही फुशारलो. चेहरा दिला म्हणजे जीवच दिला, असं मला वाटू लागलं.

काका नाकपुड्या कोरत, पण फक्त माणसाने घालायच्या मुखवट्याला. बाहुल्यांची नाकं बुजलेलीच राहत. त्यांना कुठे श्वास घ्यायचाय?

जिवंत क्लोन एकच होती, कामाला आलेली एक पोरगी. चौथ्या क्लोनचं काम करते म्हणून सगळे तिला "चौथी"च म्हणत. नाव कुणी विचारलंच नाही. नायिका तर तिला पाण्यात पाहायची. "माझं तोंड लावून मिरवतेस होय गं? जाताना काढून ठेव बाई, नाहीतर माझा नवरा फसायचा!" सगळे खिदळत. मुखवट्याआड चौथी हसायची की रडायची, कोण जाणे.

एके दिवशी त्याच सेटवर टाकाऊ क्लोन खड्ड्यात लोटण्याचा प्रसंग होता. बाहुल्यांच्या मधोमध चौथीने पडायचं आणि खड्ड्यात गेल्यावर बोटं हलवायची. दिग्दर्शकाने तिच्याकडे पाहून तोंड वाकडं केलं.

"हिचं नाक वेगळं दिसतंय. भोकं आहेत."

"आत माणूस आहे साहेब," काका म्हणाले.

"ते कळतं हो मला! पण क्लोन सगळ्या एकसारख्या हव्यात. बाहुलीचा मुखवटा चढवा हिला."

"गुदमरेल पोरगी."

"तोंड आहे की तिला! दोन मिनिटांचं तर काम."

काकांनी मान खाली घातली आणि गोंद हातात घेतला. मला त्या हातांची किळस आली.

"काका, नाकातून वारं येत नाहीये."

"तोंडाने घे गं बाळा. लगेच सोडवतो."

ढीग लोटला गेला. एक फोमचं धड नेमकं चौथीच्या तोंडावर आडवं पडलं. तिची बोटं हलली. मग अख्खा हात तडफडला. मग टाच जमिनीवर आपटू लागली.

"वा! काय जीव ओततेय," दिग्दर्शक पुटपुटला. "कुणी मध्ये पडू नका."

शास्त्रज्ञ झालेला नट ऐटीत आपलं वाक्य म्हणाला, "ही माणसं नाहीत. हे सुटे भाग आहेत."

"अहो मेल्यांनो, तिची टाच बघा!" खड्ड्याच्या काठावर उभी असलेली नायिका किंचाळली. "हे नाटक नाही!"

तिने आत उडी मारली. स्वतःच्याच चेहऱ्यांवर पाय देत ती खाली पोचली, धड भिरकावलं, रबर नखांनी टराटरा फाडलं. आतून निघाला काळानिळा, घामाने थबथबलेला चेहरा. बसकं नाक, हनुवटीवर तीळ. माझ्याशी काडीचंही साम्य नव्हतं. पोरीने भसाभस श्वास घेतला.

नायिकेने तिचं डोकं मांडीवर घेतलं. "नाव काय गं तुझं?" पोरगी नुसती धापा टाकत होती. "राहू दे, माझे बाई. आधी दम घे."

"घाबरवलंत की!" वरून दिग्दर्शक हसला. "पण शॉट काय आलाय! तुमची उडी तेवढी कापू."

आणि तोच शॉट टीव्हीवर लागला. लोकांनी जेवता जेवता पाहिला, वाहवा केली. एका लेकराची तडफड तोंडी लावून घास उतरतो कसा, देवच जाणे! ती पोरगी पुन्हा आली नाही. नायिकेनेही मालिका सोडली, तेव्हा दिग्दर्शक म्हणाला, "जाऊ दे. साचा आहे ना आपल्याकडे."

मित्रांनो, त्या क्षणी मला माझीच शिसारी आली. क्लोनला आत्मा असतो का, यावर त्या मालिकेत विद्वान खूप वाद घालतात. मला शास्त्र कळत नाही. चेहरे मी खंडीभर दिले, पण श्वास एकालाही देता आला नाही. तो देणारा वेगळा. म्हणून सांगतो, समोरचा खरा की कुणाची नक्कल, हे मागाहून विचारा. आधी त्याच्या तोंडावरचं ओझं काढा.

उद्या काका माझ्यात पुन्हा रबर ओततील. आत्मकथा सांगणाऱ्या बाकीच्या वस्तू तुम्हाला विनवतात, आम्हाला जपा. मी कधी तुमच्या हाती लागलो, तर माझ्यावर एवढी कृपा करा. मला फोडा.