दरम्यान माझे लग्न झाले

माझे सासरे नोकरीभर एका ग्रंथालयात पुस्तकं जागेवर लावायचं काम करत होते. लोक पुस्तकं काढायचे, वाटेल तिथे खुपसायचे, आणि बाबा ती परत आपापल्या जागी लावून तळहाताने सगळे कणे एका रेषेत आणायचे. निवृत्तीनंतर तो तळहात घरी आला. आता डबे, चपला, औषधाच्या बाटल्या, सगळं रेषेत असतं. माझा नवराही लहानपणी असाच रेषेत ठेवला गेला असावा, कारण तो आजही घरातल्या कुठल्याच भांडणात इकडे किंवा तिकडे झुकत नाही.

मग बाबांनी पुस्तक लिहिलं. ग्रंथालयातल्या आठवणी, छापली तर जेमतेम साठेक पानं, त्यात एक शब्द जास्तीचा नाही. वही माझ्या हातात देऊन म्हणाले, "टाइप करून दे. आणि कण्यावर नाव हवं."

"कव्हरवर असतंच की नाव."

"कपाटात कव्हर दिसत नाही, कणा दिसतो. बिननावाचं बारीक पुस्तक दोन जाड पुस्तकांच्या मध्ये गेलं की संपलं. मी स्वतः लावली आहेत तशी. परत कोणी मागायला आलं नाही."

हे त्यांनी हवापाण्याबद्दल बोलावं तसं सांगितलं, पण पेन्सिल विनाकारण तीनदा सरळ केली. त्यांना भीती कशाची आहे ते मला तेव्हा कळलं, आणि वाईट वाटलं.

तोवर त्यांनी एक उद्योग परस्पर करून ठेवला होता. जाहिरात पाहून एका प्रकाशन संस्थेला पहिली काही पानं पाठवली होती. लगेच फोन आला. पलीकडे संपादक म्हणवणारा एक गृहस्थ, आवाज पाकात बुडवून काढलेला.

"काका, काळजाला हात घातलात. शेवट वाचून मला बोलताच येईना."

शेवट त्याला पाठवलाच नव्हता. पाठवलेला भाग संपत होता तो कपाटांना कीड लागल्यावर करायच्या फवारणीच्या वेळापत्रकापाशी.

मी विमा कंपनीत दावे तपासते. लोकांवर विश्वास न ठेवण्याचा मला पगार मिळतो. मी करार मागवला आणि बारीक अक्षरांपासून वाचायला सुरुवात केली. छापणार ते, छपाईचे पैसे देणार बाबा, आणि छापलेल्या बहुतेक प्रती विकत घेणार तेही बाबाच. मी फोन करून विचारलं की मग तुम्ही नेमकं काय करणार. गृहस्थ म्हणाला, "आम्ही लेखकाच्या पाठीशी उभे राहतो." पाकीट कुठल्या खिशात असतं ते त्याला चांगलं ठाऊक होतं.

"बाबा, तो तुम्हाला हरभऱ्याच्या झाडावर चढवतोय."

"कळतंय मला. पण तो कणा देतोय." पुठ्ठ्याची बांधणी, जाडजूड कागद, अंगठ्याएवढा कणा आणि त्यावर सोनेरी नाव. त्यासाठी ठेव मोडावी लागणार होती, आणि ती ठेव होती आईंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी. सासूबाईंना खाली वाकून पडलेला चमचासुद्धा उचलता येत नव्हता. बाबांनी तेही मला सांगितलं, तितक्याच कोरडेपणाने.

"महिनाभर सही करू नका," मी म्हटलं. "आपण घरीच करू. कण्यासकट."

बोलून तर बसले. मग कामाला लागले. टाइप केलं, पानं जुळवली, कव्हर केलं, पुस्तकाचा आयएसबीएन क्रमांक अर्ज करून मिळवला. हव्या तेवढ्याच प्रती छापून देणारा एक छापखानाही सापडला. सगळं मार्गी लागलं आणि तिथे घोडं अडलं. छापखाना चालवणाऱ्या बाईंनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला, पानं मोजली आणि म्हणाल्या, "काका, कण्यावर नाव नाही बसणार. काडीएवढा कणा होतोय. कापताना जरा सरकलं की नाव कव्हरवर येतं. शंभराच्या वर पानं आणा, मग बघू."

"अक्षर मोठं करू," मी म्हटलं.

"मोठ्या अक्षरांची पुस्तकं वेगळ्या कपाटात जातात," बाबा म्हणाले.

"जाड कागद?"

"ते पुस्तक उघडं राहत नाही. हात सोडला की मिटतं."

घरी येऊन ते लिहायला बसले. तासाभराने त्यांनी लिहिलेलं एक वाक्य खोडलं, म्हणजे पुस्तक आणखी बारीक झालं. पाकातल्या गृहस्थाचा फोन येतच होता. सवलत आज संपतेय, असं तो दर आठवड्याला सांगायचा. एका संध्याकाळी बाबांनी ठेवीची पावती कपाटातून काढून टेबलावर ठेवली. टेबलाच्या कडेला समांतर.

आई समोर वाटाणे सोलत होत्या. पावतीकडे बघून त्यांनी विचारलं, "माझ्याबद्दल काय आहे हो त्या पुस्तकात?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. टाइप मी केलेलं, त्यामुळे सुटका नव्हती. मी वाचून दाखवलं. "त्याच वर्षी नवीन कपाटे आली. दरम्यान माझे लग्न झाले. कपाटे लोखंडी होती."

आईंनी आणखी दोन शेंगा सोलल्या.

"लोखंडी होती," त्या म्हणाल्या. "बरं."

पुढचे दोन दिवस घरात हा एकच शब्द चालला. दरम्यान दूध उतू गेलं. दरम्यान तुमचा चहा निवला. नवरा कुठल्याच बाजूला न झुकता ऑफिसला जात राहिला. तिसऱ्या दिवशी आईंनीच विषय काढला. "ग्रंथालयाच्या तळघरात पाणी शिरलं होतं, त्याचं काय लिहिलंय?"

"ओली पुस्तके वाळवण्यात आली," मी वाचलं.

"कुठे?"

बाबांनी पेन्सिल सरळ केली.

"आमच्या झोपायच्या खोलीत," आई मला म्हणाल्या. "दोऱ्या बांधून. हातगाड्या भरभरून पुस्तकं आणली ह्यांनी. पान न् पान मी इस्त्री केलं. तुझा नवरा पोटात होता तेव्हा. माशांवरचं एक पुस्तक होतं, त्याला माझ्या इस्त्रीचं टोक लागलंय. अजून असेल डाग."

"माशांवरचं नव्हतं," बाबा म्हणाले. "पक्ष्यांवरचं."

"इस्त्री माझ्या हातात होती."

बाबांनी पेन्सिल उचलली. "पुढे?"

पुढे काय, आईंच्या बोलण्याचं धरण फुटलं. बाबा कुठली फाटकी पुस्तकं घरी आणायचे आणि ती चिकटवायला कोणाच्या स्वयंपाकघरात खळ शिजायची. कोणाच्या नव्या साडीचा काठ शब्दकोशाच्या पाठीला लागला. वाचक नेत नसलेल्या कादंबऱ्या घरी कोण वाचायचं आणि जेवताना त्यांची गोष्ट कोणाला सांगायचं. आई बोलायच्या, बाबा लिहायचे, मध्ये दोघं तारखांवरून भांडायचे. भांडणात आई जिंकायच्या आणि पुस्तकात तेच जायचं. कधीकधी बाबा लिहायचे थांबून नुसते त्यांच्याकडे बघायचे. "लिहा की," त्या म्हणायच्या.

पाकातल्या गृहस्थाला बाबांनी स्वतःच फोन केला. "पानं वाढली आमची."

"काका, फारच सुंदर झालंय."

"तुम्ही वाचलं नाहीत अजून," बाबा म्हणाले आणि फोन ठेवला. मग पावती होती तिथे परत ठेवली.

शंभर पानं केव्हाच मागे पडली. छापायचं कव्हर मात्र बाबांनी मला करू दिलं नाही. परस्पर छापखान्यात जाऊन बसले. पहिली प्रतही परस्पर ग्रंथालयाला देऊन आले आणि घरी आलेली प्रतींची पेटी उघडायची नाही असं फर्मान काढलं. नोंद होऊन पुस्तक कपाटात लागल्याचा निरोप आला, तेव्हा आम्हा दोघींना घेऊन गेले.

लोखंडी कपाटं खरंच लोखंडी होती. बाबांच्या आडनावाचा कप्पा अगदी शेवटी, जमिनीलगत. आईंनी तिकडे पाहिलं आणि गुडघ्यावर हात ठेवला.

"तिकडे नाही," बाबा म्हणाले. "इकडे."

मधल्या कपाटात, बरोबर आईंच्या डोळ्यांसमोरच्या फळीवर, पुस्तक होतं. कण्यावर दोन नावं. दुसरं बाबांचं. पहिलं आईंचं, माहेरच्या आडनावासकट. ते आडनाव मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचलं. त्यांनी स्वतः ते शेवटचं कधी लिहिलं होतं कोण जाणे.

आईंनी मान पुढे करून कणा वाचला. मग म्हणाल्या, "हे काय केलंत?"

"कण्यावरच्या पहिल्या आडनावावरून जागा ठरते," बाबा म्हणाले. "माझा कप्पा खाली आहे. तुला वाकता येत नाही."

"माझं आधीचं आडनाव लक्षात होतं तुमच्या?"

"कप्पा लक्षात होता."

आईंनी चष्मा पुसला, त्याची काही गरज नव्हती. मग एका बोटाने पुस्तक रांगेतून थोडं बाहेर ओढलं आणि तसंच ठेवलं.

बाबांचा तळहात वर आला. कण्यापर्यंत गेला. मग त्यांनी तो खाली घेतला आणि खिशात घातला, आणि आम्ही निघालो.