आखूड दांड्याचं मशीन

"हिरामण, तू सांगशील ते मशीन. मला त्यातलं काही कळत नाही," ट्रेलरवरच्या छोट्या शिडाच्या बोटीवर थाप मारत अजेयशेट म्हणाले. "आणि जुनं काही मनात ठेवू नकोस हं."

जुनं म्हणजे सदाचा जीव. नागावच्या समुद्रात हिरामणचा थोरला भाऊ जाळं ओढत असताना याच माणसाची स्पीडबोट त्याच्या होडीवर चढली होती. वर यानेच पोलिसांना सांगितलं, तो पिऊन होता म्हणून. सदाने उभ्या जन्मात थेंब तोंडाला लावला नव्हता. भाऊ गेला तो गेलाच, पण दारुडा ठरून गेला, हे हिरामणच्या काळजात सलत राहिलं.

हिरामणच्या दुकानात बोटीच्या मागे लावायची दोन मशीनं होती. शिडाच्या बोटीला लांब दांड्याचंच लागतं, नाहीतर लाटेवर दांड्याच्या टोकाचा पंखा पाण्याबाहेर येतो. हिरामणने आखूड दांड्याचं उचललं आणि बोटीच्या मागच्या फळीवर आवळून बसवलं. फार दिवसांनी त्याला काम करताना गोड वाटलं.

पहिली फेरी मशीन बसवणाऱ्याने मालकाबरोबर मारायची, हा बंदराचा रिवाज. हिरामण मुद्दाम पुढे, बोटीच्या टोकाशी नाळेवर जाऊन बसला. त्याच्या वजनाने मागची बाजू उचलली गेली. खाडीच्या तोंडाशी लाटा लागल्या आणि पंखा हवेतच गरगरू लागला. वारा पडलेला, शीड लोंबकळलेलं. बोट खडकांकडे सरकू लागली.

"अरे, कर ना काहीतरी!"

"शेट, सदादादा पिला व्हता काय?"

"आत्ता काय हे? आधी—"

"पिला व्हता काय?"

खडकावरची कालवं दिसू लागली, तेव्हा अजेयशेटचा आवाज फुटला. "नव्हता! खोटं बोललो मी. घाबरलो होतो रे!"

हिरामण उठला आणि मागे मशीनपाशी येऊन बसला. त्याच्या वजनाने फळी दबली, पंख्याने पाणी धरलं आणि बोट किनाऱ्याकडे वळली.

किनाऱ्यावर सदाची बायको सोनाबाई उभी होती. हिरामणनेच तिला बोलावलं होतं. "आता वयनीला सांगा."

गुडघाभर पाण्यात उभं राहून, खाली मान घालून अजेयशेटनी सांगितलं. सोनाबाईने सगळं ऐकून घेतलं. डोळ्यांना पदर लावला नाही.

"मना म्हाईत व्हतं," ती म्हणाली. "गावाला सांग आता." मग दिराकडे वळली. "पंखा वर फिरताना मी हितून बघला. काढ ते मशीन. लांब दांड्याचं बसव. याच्या घरात पन बायको हाय."

हिरामणला तिचा राग आला. तरी त्याने स्क्रू सैल केले, मशीन उचलून अजेयशेटच्या हातांत दिलं आणि दुसरं आणायला दुकानाकडे गेला. सोनाबाईही घरी निघाली.

अजेयशेट ते मशीन छातीशी धरून पाण्यात उभे राहिले. ते कुठे ठेवायचं, हे त्यांना कोणीच सांगितलं नव्हतं.