ग्रीसच्या डब्याचं तेज

१९७४ सालच्या उन्हाळ्यात भोसरीहून दिघीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये दर रविवारी दुपारी मुंगीला शिरायला जागा नसे. बाहेर सायकलींचा ढीग आणि आत घामाने निथळणारी माणसं. सहा दिवस कंपनीत मान मोडून काम करणारी ही मंडळी सातव्या दिवशी आपली अक्कल चपलांबरोबर दारात काढून ठेवत आणि तेजनाथ महाराजांच्या पायाशी जाऊन बसत.

महाराज अंगारा देत नसत की अंगात आणत नसत. ते फोटो काढवत.

"बाळांनो, देह म्हणजे मशीन! मशीन चालतं कशावर? करंटवर! आत्म्याचा करंट तुमच्या डोळ्यांना दिसत नाही, पण जपानी काचेला दिसतो. जपानी काच कधी खोटं बोलते?"

"नाही!" शेड गर्जायची.

आजारी माणसाला एका स्टुलावर बसवत. समोर दिव्याचा झोत, पाठीमागे काळा पडदा आणि त्यावर बारीक बल्बची माळ. महाराजांचा चेला भीमराज फोटो काढायचा. पुढच्या रविवारी फोटो हातात येई, तेव्हा माणूस हबकूनच जाई. चेहऱ्यावरची सुरकुती न् सुरकुती, खोल गेलेले डोळे, सगळं लख्ख. महाराज त्याला लाल चिठ्ठी लावत: फेल. मग पाच रविवार जप आणि माठातलं पाणी. त्यानंतर दुसरा फोटो. त्यात चेहरा उजळलेला, सुरकुत्या गायब, डोक्याभोवती दुधासारखं तेज आणि मागे प्रकाशाचे मोठे मोठे गोल तरंगणारे. ते म्हणे पितर, आशीर्वाद द्यायला आलेले! महाराज त्याला हिरवी चिठ्ठी लावत: पास.

"आता औषध कशाला? पास झालेला माल कुणी परत भट्टीत घालतं का?"

कारखान्यात रोज हिरवी चिठ्ठी बघूनच माल पुढे ढकलणारी ही माणसं. चिठ्ठीचा रंग बघितला की त्यांची मान आपोआप डोलायची. महाराजांनी ते बरोबर हेरलं होतं.

भोसरीच्या चौकात कॅमेरे दुरुस्त करणारा हनीफ त्या शेडकडे कधी फिरकला नव्हता. लोक सांगायला आले की तो एवढंच म्हणायचा, "मला काम आहे." पण एका बुधवारी ज्योतीराम त्याच्या दुकानात आला. ज्योतीराम उदगीरकडचा, हनीफच्या शेजारच्याच खोलीत राहायचा आणि कंपनीत गेज लावून मालाची मापं तपासायच्या खात्यात कामाला होता. त्याने दोन फोटो काउंटरवर ठेवले. दोन्ही त्याच्या बायकोचे, यशोदाबाईचे.

"हनीफभाई, ह्या दुसऱ्याला चांगली फ्रेम करा. पास झाली बघा यशोदा! सुया बंद केल्या तीन आठवडे झाले."

हनीफच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर तिथेच थांबला. यशोदाबाईला क्षय होता. सरकारी दवाखान्यात पाच महिने सुया घेऊन ती कुठे जरा उभी राहिली होती. आणि परवाच भिंतीपलीकडून तिचा खोकला त्याने ऐकला होता.

"सुया बंद? कुणी सांगितलं?"

"सांगायचं काय त्यात? फोटोतच दिसायलंय की!"

हनीफने भिंग डोळ्याला लावलं आणि दुसरा फोटो निरखून बघितला. बघता बघता त्याच्या कपाळाची शीर ताठ झाली. मागे तरंगणाऱ्या प्रत्येक गोलात, एकाच जागी, एक केसाएवढी तिरपी रेघ होती.

"ज्योतीराम, तुझ्या सगळ्या पितरांना एकाच ठिकाणी खरचटलंय."

"म्हंजे?"

"ही रेघ काचेवरची आहे. मी ओळखतो हिला. दोन महिन्यांपूर्वी तो भीमराज ही लेन्स पुसून घ्यायला माझ्याकडे आला होता."

चेहऱ्यांचे फोटो काढायची ती लेन्स, पंच्याऐंशी मिलिमीटरची, मोठ्या तोंडाची. दुरुस्तीला आलेली लेन्स हनीफ तपासल्याशिवाय परत देत नसे. भिंतीवर छापील वर्तमानपत्र लावायचं, बाजूला लांबवर पेटता बल्ब ठेवायचा आणि लेन्सच्या कड्यावरच्या एकेका आकड्याला एकेक फोटो काढायचा. त्याने ती जुनी पट्टी शोधून ज्योतीरामपुढे टाकली. सोळा आकड्याला, म्हणजे लेन्सचं तोंड बारीक केल्यावर, अक्षर न् अक्षर कोरल्यासारखं होतं. एक पॉइंट आठला, म्हणजे तोंड सताड उघडल्यावर, कागदावर दुधाची साय आल्यासारखं, आणि लांबचा बल्ब पसरून वाटोळा झालेला.

"वहिनींचा पहिला फोटो सोळाला काढलाय, दुसरा एक पॉइंट आठला. मोठ्या तोंडाची लेन्स सताड उघडली की चित्र थोडं मऊ, धूसर येतंच. हिच्या तर आतली एक काचही जरा हललेली. मी म्हटलं, नीट बसवून देतो. तर भीमराज म्हणतो, राहू दे तशीच. मला वाटलं, श्रीमंताचे चोचले." हनीफचा आवाज खाली आला. "माझ्या हातून पुसून गेली रे ती काच. तेव्हाच विचारायला हवं होतं, बिघाड कशाला हवाय म्हणून."

ज्योतीराम मान हलवत राहिला. "पण तेज आलं ते आलंच की, भाई. आधी न्हवतं."

हनीफ वैतागला. मग त्याने वेगळीच गोष्ट काढली. "तुमच्या खात्यात शाफ्ट आधी एका गेजने मोजतात आणि नंतर दुसऱ्याने?"

"छे! दोन्ही मापं एकाच गेजनं. आन गेजवरच शंका आली तर मास्टर पीस लावायचा. ज्याचं माप आधीच पक्कं ठाऊक हाय, तो तुकडा. त्याचं माप चुकलं की गेज बाद."

"मग महाराजांच्या गेजला कुणी मास्टर पीस लावला का? ज्याला आत्मा नाही, आजार नाही, पितरही नाहीत, असा?"

ज्योतीरामने दोन्ही फोटो परत एकदा उचलून बघितले. फोटो तिथेच ठेवून तो निघून गेला. पण शनिवारी रात्रपाळीला जाण्याआधी परत आला आणि म्हणाला, "मास्टर पीस मी आनतो. काचेतनं काय दिसतंय ते सगळ्यांना दाखवायला ड्रॉइंगवाल्यांचा अर्धपारदर्शक कागद लागंल का तुमाला?"

रविवारी शेड भरली होती. ज्योतीराम तिथला स्वयंसेवक, रांग लावायचं काम त्याच्याकडेच. महाराजांचा करंट नुकता चढत होता, तेवढ्यात त्याने पुढे येऊन स्टुलावर ग्रीसचा एक डबा ठेवला. पांढऱ्या झाकणाचा, झोतात चकाकणारा.

"हे काय?" महाराज थबकले.

"मास्टर पीस, महाराज. याचा फोटो काढायचाय."

लोक हसले. तेवढ्यात गर्दीतून हनीफने पुढे होऊन तिपाईवरच्या कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडलं.

"अरे, रोल जळेल!" भीमराज ओरडला.

"जळू दे." हनीफने फिल्मच्या जागी ज्योतीरामने आणलेला ड्रॉइंगचा कागद चिकटवला, कॅमेऱ्याच्या आतला पडदा उघडा राहील असा खटका दाबून धरला आणि मागे काळं कापड पसरलं. "या, एकेकाने बघा. काच काय खाते आणि काय ओकते ते कागदावर दिसेल."

"अधर्म!" महाराज किंचाळले. "परधर्माचा हात लागला! काच बाटली!"

मागून दिघीचा म्हातारा भिमाजी उठला. "माझ्या नातीच्या लग्नाचं फोटू हनीफनंच काढलं व्हतं. तवा न्हाई बाटली काच? बघू द्या की! तुमाला भ्या कशाचं वाटतंय?"

गर्दी बावरली. कुणी पुढे येईना. शेवटी यशोदाबाई उठली. तोंडाला पदर लावून खोकत खोकत आली आणि कापडाखाली डोकं घातलं.

"उलटा दिसायलाय डबा."

"काचेतून उलटाच दिसतो, वहिनी. आता हे कडं धरा आणि फिरवा."

तिने कडं सोळावर नेलं. अंधूक पण नेटकं चित्र. झाकणाची कड रेखीव, मागचे बल्ब नुसते ठिपके. मग एक पॉइंट आठवर. डब्याभोवती दुधाळ तेज उमटलं, झाकणावरचे ओरखडे पुसले गेले आणि मागे मोठमोठे गोल तरंगायला लागले. तिने परत सोळा केलं. तेज गेलं. परत एक पॉइंट आठ. आलं. कितीतरी वेळा ती कडं फिरवत राहिली. शेडमध्ये फक्त तिचा खोकला ऐकू येत होता.

मग ती बाहेर आली.

"माझ्या तोंडावर जे तेज व्हतं, ते डब्यावर बी हाय," ती म्हणाली. "आन त्याच्या बी मागं पितर आल्यात. ग्रीसच्या डब्याचे पितर!"

कुणीतरी फसकन हसलं. मग रांग लागली. कापडाखाली डोकं घालणारा प्रत्येक जण बाहेर येताना खिशातला हिरव्या चिठ्ठीचा फोटो चाचपत होता.

"हा तांत्रिक दोष आहे," महाराज अडखळले. "शंका असली की करंट उतरतो..."

"मंग तुमीच बसा की स्टुलावर," यशोदाबाई त्यांच्यापुढे उभी राहिली. "कडं मी फिरवते. तुमचं तेज कितीव्या आकड्यावर येतंय ते बगू. माझ्या सुया बंद केल्या तुमी! तीन आठवडे! काल रक्त पडलं थुंकीत. घरात सांगितलं न्हाई मी. पास झालेल्या बाईनं कसं सांगावं?"

ज्योतीरामचं तोंड पांढरंफटक पडलं. त्याने महाराजांकडे बघितलंसुद्धा नाही. बायकोचा हात धरला आणि तिला बाहेर घेऊन गेला. मागे महाराज आणि भीमराज पडद्याआडच्या दाराने कधी सटकले, कुणाला कळलं नाही. कॅमेरा तेवढा राहिला. नवा रोल घालून हनीफने डब्याचा एक फोटो काढून घेतला, मग कॅमेरा पोलिसांनी नेला.

सोमवारी सकाळी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई यशोदाबाईवर खूप ओरडल्या. मग म्हणाल्या, मधे सोडलेलं औषध आता पहिल्यापासून धरावं लागेल, आणि तरी खात्रीने काही सांगता येत नाही. पाच महिने वाया गेले. हा त्या महाराजाच्या चमत्काराचा खरा निकाल, आणि त्याला कुठल्याच रंगाची चिठ्ठी नव्हती.

आपण शाफ्टचं केसाएवढं माप चुकलं तर माल परत पाठवतो. मग घरातल्या माणसाच्या जिवाचा प्रश्न आला की कुणाचंही गेज डोळे मिटून का मान्य करतो? कुणी आधीचा आणि नंतरचा फोटो दाखवला, तर त्याला एवढंच विचारा: दोन्ही वेळा काचेचा आकडा कोणता होता? तो चिडला तर समजा, उत्तर मिळालं. हनीफच्या दुकानात आजही काउंटरवर एक फोटो फ्रेम करून ठेवलाय. ग्रीसचा डबा, भोवती तेज, मागे पितर. खाली यशोदाबाईने स्वतःच्या हाताने लाल चिठ्ठी चिकटवली आहे.