फियाटला रविवारपर्यंतची मुदत

रविवारपर्यंत फियाट सुरू झाली नाही, तर सोमवारी भंगारवाला टेम्पोला बांधून ओढून नेईल, असं प्रदीपकुमारनं आईला तोंडावर सांगितलं. राजाजीनगरातलं घर तुंगाबाईंच्या नावावर, तरी त्या "रविवार तर रविवार" म्हणून बसल्या. एकदा दिलेला शब्द फिरवणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

यजमान गेले त्याला नऊ वर्षं झाली. गाडी तेव्हापासून शेडमध्ये. सून शिवलीला नुसती दाराशी फिरकली तरी तुंगाबाई ओरडायच्या, "तुझा हात लागला की वाट लागलीच म्हणून समज."

शिवाजीनगरचा कानडी मेकॅनिक देवाप्पा बुधवारी आला. यजमानांनी दुखण्यात पडण्याआधी इंजिनाचे चारी प्लग साफ करायला काढले होते, ते तसेच डब्यात होते. देवाप्पानं प्लगच्या भोकांत बॅटरी मारली. "गंज हो, अक्का. लालेलाल." त्यानं आत तेल सोडलं आणि चार दिवस मुरू दिलं.

रविवारी इंजिन ढिम्म हलेना. देवाप्पानं पुढच्या नटाला पाना लावला, पान्यावर लांब पाइप चढवला. "जोरानं फिरवतो. सुटलं तर सुटलं, नाहीतर आत काहीतरी मोडणार. सरी? चालेल ना?"

"फिरव," प्रदीप म्हणाला.

गप्प बसलं तर गाडी जाईल, बोललं तर अब्रू. तुंगाबाईंनी एकदा सुनेकडे पाहिलं.

"थांब रे. गंज नाही तो."

"मग काय?"

"कुंकू. खाली हळद, अक्षता. दर आयुधपूजेला मीच घालत होते. चार तोंडं उघडी दिसली. देवाचं सगळ्यांना द्यायचं आणि इंजिनाला उपाशी ठेवायचं?"

शिवलीलेनं ओढणी तोंडावर धरली.

"हसायचं तर मोठ्यानं हस!"

"हसत नाही, आत्याबाई. म्हणजे वाट लावणारा हात..."

"माझा. ऐकलंस ना? परत सांगणार नाही."

देवाप्पानं पाइप खाली ठेवला. "बरं झालं बोललात. तांदळाचे गोळे झाले असतील आत. फिरवलं असतं तर व्हॉल्व्ह गेले असते. इंजिनाचं हेड उतरवून साफ करतो. तीन दिवस लागतील."

तीन दिवस म्हणजे बुधवार. तुंगाबाईंनी मुदत वाढवून मागितली नाही. "ठरलंय ते ठरलंय," त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या. "उद्या न्यायची तर ने."

प्रदीप आईकडे वळला. "बेचाळीस वर्षांत तू चुकलीस असं तुझ्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. त्याचे तीन दिवस घे."

बुधवारी संध्याकाळी इंजिन दोनदा खोकलं, तिसऱ्यांदा सुरू झालं. निळ्या धुरानं शेड भरली. शेजारचे नरसिंहराव खिडकी लावता लावता काहीतरी बोलले, आवाजात ऐकू आलं नाही.

"दहा मिनिटं बंद करू नका!" देवाप्पा ओरडला.

प्रदीप बाहेर जाऊन फोन करून आला.

"काय म्हणाला भंगारवाला?"

"म्हणाला, परत बंद पडली की सांगा."

"त्याला म्हणावं," तुंगाबाई धुरात खोकत म्हणाल्या, "आधी स्वतःचा टेम्पो ढकलल्याशिवाय चालू करून दाखव."