मागच्या खिडकीचं लाकूड

बडा घर पोकळ वासा ही म्हण ज्यानं केली त्यानं जयकुमारचं घर पाहिलेलं नसणार, नाहीतर वाशाऐवजी तो खिडकी म्हणाला असता. कुंभकोणमला चक्रपाणीच्या देवळामागच्या गल्लीत हे घर उत्तरेला तोंड करून उभं आहे, आणि ऐप्पसी महिन्यातला, म्हणजे दिवाळीच्या दिवसांतला, पाऊस दरवर्षी सरळ त्याच्या तोंडावर येतो. समोरच्या दोन्ही खिडक्यांच्या खालच्या फळ्या केव्हाच कुजल्या होत्या. जयकुमार दर पोंगलला त्यांत लांबी भरायचा, वर हिरवा रंग फासायचा आणि वर्षभर स्वतःवर खूश असायचा.

यंदा रंगानं भागणार नव्हतं. त्याच्या मुलीला, हरिणीला, पाहायला कोइंबतूरहून माणसं येणार होती. आपल्यातलीच, घरात अजून मराठी बोलणारी, तंजावरच्या राजवाड्याशी जुना संबंध सांगणारी, आणि वर चांगली गब्बर. जयकुमारनं मणी आसारीला बोलावलं. आसारी म्हणजे सुतार. त्यानं फळीवर पटाशी टेकवली तर ती भिजल्या पावात जावी तशी मुठीपर्यंत गेली, आणि चौकटीभोवतीची पट्टी तर त्याच्या हातातच आली.

"नवं लाकूड ठोकून टाक," जयकुमार तमिळमधून म्हणाला.

"ठोकतो की. पण नवं आकसतं. पाहुणे खिडकीशी बसतील आणि सांधा दात दाखवेल. जुन्याला जुनंच लागतं," आसारी म्हणाला आणि घरभर लाकडं ठोकत हिंडला. मागच्या खोलीच्या खिडकीवर पटाशी टणकन उडाली. "हे बघा. लोखंड आहे, लोखंड."

ती सीतालक्ष्मीची खिडकी होती.

सीतालक्ष्मी जयकुमारची धाकटी बहीण. ती नांदली नाही, असं लोक म्हणत. नवऱ्यानं वर्षाच्या आत दुसरी आणली आणि हिला एका पिशवीसकट बसमध्ये बसवून दिलं, हे म्हणायला लोकांना वेळ नव्हता. वडिलांनी जाताना मागची खोली तिला दिली. तिथं खिडकीशी तिनं शिवणयंत्र मांडलं. मागच्या गल्लीतल्या बायका गजांतून कापड आत द्यायच्या, शिवलेले ब्लाउज बाहेर घ्यायच्या, आणि जाताजाता सासूच्या दोन कागाळ्या त्या फळीवर ठेवून जायच्या. तिचं पोट आणि तिचं जग, दोन्ही त्या खिडकीतून आत येत होतं. फळीच्या कडेला तिनं खिळ्यानं मापाच्या खुणा कोरल्या होत्या. दर वर्षी पावसाआधी ती फळीला तिळाचं तेल पाजायची. "खायचें तेल लांकडाला?" म्हणून जयकुमार खेकसायचा. आता तेच तेल तिच्या अंगाशी आलं. तिनं फळी कुजू दिली असती तर खिडकी वाचली असती.

खिडकी मागायची हिंमत जयकुमारला झाली नाही. त्याच्या बायकोला, भवानीला, थोडी लाज वाटली. मागितली ती हरिणीनं. ही पोर तान्ही असताना भवानी आजारानं अंथरुणाला खिळली होती, तेव्हा हिला मांडीवर घेऊन वाढवलं ते सीतालक्ष्मीनं. पोरीनं तोंडातून पहिला शब्द काढला तोही "आत्या". आता ती तिरुच्चीला बँकेत होती, सुट्टी काढून आली होती. मागून येऊन तिनं आत्याच्या गळ्यात हात टाकले.

"आत्या, थोड्या दिवसांचेंच आहे. माझें लग्न ठरूं दे, तुला नवी खिडकी करून देत्यें. कांचेची."

"तोंवर काम कुठें करूं ग?"

"इतकीं वर्षें केलेंस कीं. जरा बैस आतां."

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. पण सीतालक्ष्मीला त्या वेळी फक्त गळ्यातले हात जाणवले, आणि तिला बरं वाटलं. तिनं स्वतःच यंत्र बाजूला ओढून दिलं.

आसारीनं तिची चौकटच्या चौकट उपटली. समोरच्या खिडक्यांची कूज कापून काढली, तिरका सांधा घेऊन एकीत तिची फळी बसवली, दुसरीत उभे तुकडे जोडले, लाकडी खुंट्या ठोकल्या. वरून रंधा फिरवला, कडेच्या खुणा तशाच राहिल्या, त्यांवरून रंग गेला. मागं पडलेल्या भगदाडाला जयकुमारनं विटा लावून घेतल्या. चोर शिरतील, म्हणाला. घरातले चोर कुठून शिरले होते ते त्याला कुणी विचारलं नाही.

आता भर दुपारी त्या खोलीत दिवा लागायचा. मागच्या गल्लीत बायका यायच्या, विटांकडं बघायच्या आणि जायच्या. एकीनं "सीताक्का, अग सीताक्का" म्हणून हाका मारल्या. सीतालक्ष्मीनं आतून ओ दिली, पण ती बाहेर पोचली नाही. दुसऱ्या दिवसापासून हाकाही थांबल्या.

पाहुणे यायच्या दिवशी हरिणी दारात येऊन म्हणाली, "आत्या, तूं आंतच राहा. नांदण्याबिंदण्याचें विचारत बसतील." सीतालक्ष्मीला ते पटलं. पोरीचं होऊ दे. ती दार बोटभर उघडं ठेवून अंधारात बसली. हरिणीनं घातलेला ब्लाउज तिनंच दिव्याखाली डोळे फोडून शिवला होता.

मुलाची आई, भुवनेश्वरीबाई, ऐसपैस बाई होत्या. त्या बरोबर सीतालक्ष्मीची फळी बसवलेल्या खिडकीशी बसल्या. कॉफी झाली, मुलगी पसंत पडल्याचं तोंडावर दिसलं. मग त्या म्हणाल्या, "तुमची बहीण वारली असें मध्यस्थानें सांगितलें. वाईट वाटलें. लग्नांत आत्या असावी."

"होय," जयकुमार म्हणाला. "तिला जाऊन फार वर्षें झालीं."

दाराआड सीतालक्ष्मीनं स्वतःचं मनगट धरून पाहिलं. आधी तिला राग आला नाही, लाज वाटली. मेल्यानंतरही इतकी वर्षं या घरात जेवत राहिल्याची लाज.

बोलता बोलता भुवनेश्वरीबाईंचा हात फळीच्या कडेवरून फिरत होता. रंगाखालून काहीतरी बोटांना लागलं. "हें काय? शिंप्याच्या फळीसारख्या खुणा?"

भवानी जमिनीकडं बघू लागली. हरिणी मात्र हसली.

"आम्हांकडे शिवावयास एक बाई आहे. मागें राहते. तिचेंच कांहीतरी."

"हा ब्लाउज तिनेंच शिवला कीं काय? काय बसला आहे ग! बोलव तिला."

"बाई," हरिणीनं हाक मारली, "जरा इकडे ये."

सीतालक्ष्मी उठली. आता मात्र तिच्या डोक्यात तिडीक गेली होती. दारापर्यंत येईतो तिनं ठरवलं होतं, एकच वाक्य बोलायचं: मीच ती वारलेली बहीण. तेवढं पुरे. लग्न तिथल्या तिथं मोडेल, पोरगी आठ दिवस रडेल आणि घरात पुन्हा सगळे तोंड पाडून बसतील.

भुवनेश्वरीबाईंनी तिला कापड बघावं तसं वरखाली पाहिलं. "हात चांगला आहे तुझा. तुझें कोण आहे?"

सीतालक्ष्मीनं भावाकडं पाहिलं. "कोणी नाही," ती म्हणाली.

"मग झालें तर." बाई जयकुमारकडं वळल्या. "हुंडाबिंडा आम्हांस नको. पण आमच्या घरांत राजाच्या वेळेपासून नवरीबरोबर पाठराखीण येते. सगळ्यांनीं सोडलें, आम्हीं नाही. ही बाई द्या. पाठवणीपुरती नको, कायमची. आमच्याकडे रोजचें शिवण आहे."

जयकुमारला नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागणार, आणि कारण एकच होतं. "तिला... कोइंबतूरचें पाणी सोसणार नाही," हरिणी घाईघाईनं म्हणाली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

तो चेहरा पाहिला आणि सीतालक्ष्मीनं ओठावर आलेलं वाक्य गिळून टाकलं. सांगितलं तर आठ दिवस. नाही सांगितलं तर धाक जन्मभर, सासूसमोर, नवऱ्यासमोर, उद्या पोरांसमोर.

"तुमच्याकडे शिवणाच्या खोलीला खिडकी आहे कां?" तिनं विचारलं.

"दोन आहेत. रस्त्यावर."

"मग येत्यें."

तिनं गळ्यातली टेप काढली. "उठा अम्मा," मालकिणीला म्हणावं तसं ती हरिणीला म्हणाली. "लग्नाच्या ब्लाउजचें माप घेत्यें."

हरिणीचं माप तिला तोंडपाठ होतं. तरी हरिणी उठली, हात वर करून उभी राहिली, करणार काय. सीतालक्ष्मीनं टेप तिच्या छातीभोवती आणली आणि ओढली, मग अजून थोडी ओढली.

"श्वास सोडा, अम्मा," ती तिच्या कानाशी हळूच म्हणाली. "आतां मी तुमच्याबरोबरच आहें."

"बघा हो, किती जीव आहे हिचा नवरीवर," भुवनेश्वरीबाई म्हणाल्या, आणि त्यांनी आणखी कॉफी मागितली.