कुणाचं नाव आधी?

फोनवर कुणीतरी औषधोपचार पाठवतं आणि आपण ते धड न वाचता पुढे ढकलतो. ह्या खोडीवर उतारा म्हणून शहरातली पाच ग्रंथालयं एकत्र आली. आजारांची, प्रथमोपचारांची खात्रीची माहिती एकाच संकेतस्थळावर द्यायचं ठरलं आणि पाचांकडची जुनी पानं तिथं चढलीही. पाचामुखी परमेश्वर म्हणतात. इथं पाचही मुखांना एकच चिंता होती, पानाच्या माथ्यावर नाव आधी कुणाचं!

त्या पाचांतल्या एका ग्रंथालयाचे ग्रंथपाल ह्या वादात सगळ्यांच्या पुढे होते. बैठकीला आलेल्या बालरुग्णालयातल्या डॉक्टरबाईंनी मध्येच सांगितलं, की तुमचं विषबाधेचं पान जुनं झालंय, मुलांना उलटी करवायला आता कुणी सांगत नाही, ते आजच काढा. ग्रंथपालांनी मान डोलावली. पण पाचांच्या सह्यांशिवाय पान काढायचं नाही असा नियम होता, आणि सह्या नावांच्या क्रमावर अडल्या होत्या. ते घोंगडं भिजत पडलं. जेवताना ग्रंथपालांनी हे भांडण धाकट्या बहिणीला रंगवून सांगितलं आणि वर बजावलं, की लोकांचं ऐकू नकोस, अडलीस तर आमचं पान उघड.

बहिणीनं ऐकलं. तिच्या चिमुरडीनं न्हाणीघरातलं मोरी साफ करायचं औषध प्यायलं, तेव्हा तिनं तेच पान उघडलं आणि लेकीला मिठाचं पाणी पाजून उलटी करवली. जाताना घसा जाळत गेलेलं ते औषध येताना पुन्हा जाळत आलं.

पोर वाचली, पण अन्नासाठी थेट पोटात नळी घालावी लागली. धावत आलेले ग्रंथपाल दवाखान्यात बहिणीवरच डाफरले. फोनवरचं काहीबाही वाचून असले उद्योग करतात का?

तिनं फोन पुढे केला. माथ्यावरच्या पाच नावांत त्यांच्याच ग्रंथालयाचं नाव होतं.

"शेजारच्या काकू ओरडून सांगत होत्या, काही पाजू नकोस, दवाखान्यात ने," ती म्हणाली. "मी त्यांचं ऐकलं नाही, दादा. तुझं ऐकलं. भलत्यासलत्या निरोपावर माणूस संशय तरी घेतो. तुमच्यावर कोण घेणार? म्हणून तुम्हाला चुकायची मुभा नाही." मग तिनं विचारलं, "नावाचं ठरलं का तुमच्या?"

 दुसऱ्या दिवशी बैठकीत ग्रंथपालांनी सगळं सांगितलं आणि आमच्या ग्रंथालयाचं नाव काढून टाका म्हणाले. ते पान समोरचा चहा निवायच्या आत निघालं. वरातीमागून घोडं! आता चूक दिसली की पान आधी उतरवतात, सह्या मागाहून होतात. नावं मग सगळ्यांनीच काढली, माथ्यावर फक्त शेवटच्या तपासणीची तारीख असते.

वाचकहो, खरी माहिती एकदा लिहून ठेवली की काम संपत नाही. ती रोज राखावी लागते, आणि राखणाऱ्यांनी मानपान दाराबाहेर ठेवावा लागतो. ग्रंथपालांना हे पटलं. भाची अजून नळीनंच जेवते. बहीण भावाशी बोलते, पण त्याला आता काही विचारत नाही.