झऱ्यात शेवटपर्यंत

एडा झाली तेव्हा व्हर्लीन आत्या दवाखान्यात माझ्या उशाशी बसून म्हणाल्या होत्या, "रडू येईल पोरी, भरपूर येईल. येऊ दे. यायचं थांबलं की मात्र मला फोन कर." त्या माझ्या नवऱ्याच्या, कर्टिसच्या आत्या. मी हो हो म्हटलं. रडू थांबलं तर बरंच की, असं तेव्हा वाटलं.

हिवाळा संपायच्या आत ते थांबलं. मी फोन केला नाही.

कर्टिसच्या घरचे सगळे दर जुलैत मिसूरीतल्या एका स्टेट पार्कमध्ये जमतात. आधी गुहा, मग झऱ्याकाठी जेवण. गाडीतून उतरल्यावर मी एडाच्या झोळीचे पट्टे तपासले, तिच्या मानेला हात लावून पाहिला, टोपी सारखी केली, पुन्हा पट्टे तपासले. हे सगळं मी चोख करायचे, बँकेतला रात्रपाळीचा पहारेकरी करतो तसं. बँक आपली नसते, पण कुलपं तपासायची असतात.

तिकिटाच्या खिडकीत एक मुलगी होती. छातीवरच्या पाटीवर नाव होतं, शॉना. तिच्या पायाशी टोपलीत लहान बाळ. ते कुरकुरलं तसं तिनं खाली न बघता पायानंच टोपली हलवली आणि मला सुटे पैसे दिले.

"तुझं का?" मी विचारलं.

"हो. माझी आई येईपर्यंत ठेवते इथं. झोपते छान, पिते छान, सगळं छान आहे."

हे वाक्य माझं होतं. फोनवर कुणीही विचारलं की मी हेच म्हणायचे, याच क्रमानं, याच आवाजात. मी तिच्याकडे पाहत राहिले. मागून माझा दीर ब्रेंट ओरडला, "वहिनी, तिकिटं घेतेस की पार्क विकत घेतेस?"

गुहेत चुनखडीच्या खांबांवरून पाणी ठिबकत होतं. वाट दाखवणारा सांगत होता, की वर बर्फ पडो नाहीतर ऊन फुटो, इथं आत वर्षभर एकच हवा, काही बदलत नाही. पोरांनी "बाप रे" म्हटलं. इथं राहायला आपल्याला काहीच जड जाणार नाही, एवढंच माझ्या मनात आलं. बाहेर पडताना वटवाघळांना आजार लागू नये म्हणून सगळ्यांनी साबणाच्या ओल्या चटईवर बूट पुसले. मीही पुसले.

झरा डोंगराच्या बुडातून निघतो, निळाशार आणि भर उन्हाळ्यातही हाडं गोठवणारा. पुलाच्या खालच्या अंगाला पाण्यात उतरू देतात. कलिंगडं तिथंच दगडांत अडकवून ठेवलेली होती. तळलेली कोंबडी संपली आणि दरवर्षीची पैज लागली. गुडघाभर पाण्यात उभं राहायचं, मोठ्यांपैकी जो आधी बाहेर येईल त्यानं सगळ्यांची भांडी घासायची. दरवर्षी ब्रेंट जिंकतो आणि वर्षभर तेच सांगत फिरतो.

"वहिनी, ये की! का कॉलेजात हे शिकवलं नाही?"

मी एडाला आत्यांकडे दिलं आणि उतरले.

पोरं किंचाळत लगेच पळाली. कर्टिस शिव्या देत निघाला. "भांडी तुझी रे!" असा एकच गलका झाला. ब्रेंट दात आवळून टिकला, मग "मेलो, मेलो!" करत काठावर उड्या मारायला लागला. सगळ्यांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात काठावर बाळ रडायला लागलं. मी ते ऐकलं. भूक लागली असणार, कुणीतरी बघायला हवं, असं वाटलं. माझा सदरा छातीशी ओला झाला होता. दूध आलं होतं. अंगाला कळलं होतं ते कुणाचं बाळ आहे. मी मात्र उभीच होते.

"बस्स, वहिनी, जिंकलीस! ये आता," ब्रेंट हसत म्हणाला. मग हसला नाही. "वहिनी?"

आत्यांनी एडाला कर्टिसच्या हातात दिलं आणि कापडी बुटांसकट पाण्यात आल्या. माझ्या शेजारी उभ्या राहिल्या.

"देवा रे, काय थंड आहे हे! टेसा, शेवटची कधी रडलीस?"

"आठवत नाही."

"फोन कर म्हटलं होतं ना तुला?"

"सगळं छान चाललंय, आत्या. झोपते छान, पिते..."

"ते ऐकलंय मी. तिला काही होईल अशी भीती वाटते?"

मी खरंच विचार केला. "वाटत नाही. आधी रात्रभर वाटायची. आता नुसती तपासते."

माझं कोपर धरून त्यांनी मला बाहेर आणलं. पाय लालबुंद झाले होते, खालची खडी कळत नव्हती. मी बाकावर बसून एडाला पाजलं. आत्या कर्टिसला म्हणाल्या, "सोमवारी डॉक्टरकडे. तू न्यायचंस."

"मला कधी बोललीच नाही ही. रोज विचारतो मी."

"बाळाचं विचारतोस, गाढवा."

निघताना मला खिडकीतली ती मुलगी आठवली. मी एडाला घेऊन तिकडे गेले. खिडकीवर पत्रा ओढलेला होता, फटीतून पाहिलं तर आत टोपलीही नव्हती.

आता गोळ्या चालू आहेत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळ लागेल. आत्या येतात, भांडी घासता घासता मला प्रश्न विचारतात. रडू अजून आलेलं नाही. परवा मात्र एडा पाळण्यातून हात बाहेर काढून माझं बोट शोधत होती, तेव्हा घशात काहीतरी अडकलं आणि तसंच राहिलं. मी ते आत्यांना सांगितलं.

पार्कमध्ये मी फोन केला होता. शॉना कशी आहे विचारलं. पलीकडचा माणूस म्हणाला, "ती? छान आहे की."

आमचं घर तिथून लांब आहे आणि मला अजून एकटीनं गाडी चालवू देत नाहीत. तुम्ही त्या बाजूला गेलात, गुहा बघायला म्हणा, झरा बघायला म्हणा, तर तिकिटाच्या खिडकीशी जा. बाळ कसं आहे ते विचारू नका, त्याचं उत्तर तिला पाठ आहे. शेवटची कधी रडलीस, ते विचारा. आणि ती बोलेपर्यंत थांबा, मागे रांग लागली तरी.